पैसा तिच्या नावाचा, हिशेब कोणाचा?

शहाद्याहून सातपुड्याच्या दिशेने निघालेला रस्ता सातपायरीचा घाट चढून तोरणमाळला पोहोचतो. सुमारे ११५० मीटर उंचीवरील हे पठार, तेथील यशवंत तलाव, सीताखाईची खोल दरी आणि महाशिवरात्रीला भरणारी गोरक्षनाथांची यात्रा, एवढाच आमच्या शहरी वाचकांचा या गावाशी परिचय असतो. चार दिवस थंड हवा खावी, सूर्यास्त पाहावा आणि परतावे. ज्या अक्राणी तालुक्यात हे गाव वसले आहे, तेथील पाड्यापाड्यांतून राहणाऱ्या पावरा व भिल्ल स्त्रियांच्या संसाराचा जमाखर्च हा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानाचा विषय होऊ शकेल, ही कल्पना सहसा कोणाच्या मनात येत नाही. आज आम्ही तो विषय मुद्दाम या जागी घेत आहोत. कारण प्रश्न दिसावयास तोरणमाळच्या स्त्रीचा असला, तरी तो पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यांतही तितकाच अनुत्तरित राहिलेला आहे.

ज्या शहादे तालुक्यातून तोरणमाळचा घाट चढावा लागतो, त्याच तालुक्यात टेंभली नावाचे एक लहानसे गाव आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिला 'आधार' क्रमांक येथील एका स्त्रीच्या हाती देण्यात आला. पुढे ऑगस्ट २०१४ मध्ये जनधन योजना आली आणि ज्यांनी बँकेचा उंबरठा कधी ओलांडला नव्हता, त्यांच्या नावांची खाती उघडली गेली. २०२४ च्या जुलैपासून राज्य शासनाने लाडकी बहीण योजनेखाली पात्र स्त्रियांसाठी दरमहा १५०० रुपये मंजूर केले आणि ते प्रत्येकीच्या स्वतःच्या खात्यात जमा होऊ लागले. ओळख, खाते आणि रक्कम या तीन गोष्टी अशा रीतीने चौदा वर्षांच्या आत गरीब स्त्रीच्या नावावर लागल्या. हा बदल लहान नाही. या योजनेच्या खर्चाविषयी आणि हेतूंविषयी मतभेद असू शकतात. परंतु सरकारी पैसा घरच्या कर्त्या पुरुषाच्या हाती न पडता थेट स्त्रीच्या नावे जमा व्हावा, हे तत्त्व निःसंशय इष्ट होय.

तथापि खाते नावावर असणे आणि पैशावर ताबा असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली गोष्ट शासनाला एका आदेशाने साधता येते. दुसरी कोणत्याही आदेशाने साधत नाही. ती शिकावी आणि शिकवावी लागते. ती कोण शिकवीत आहे, कोणाला शिकवीत आहे आणि कोण या शिक्षणाच्या बाहेर राहत आहे, याचा विचार आज कर्तव्य आहे.

शहरांपुरते बोलावयाचे तर हे शिक्षण आता शाळेत नव्हे, तर हातातील मोबाईलच्या पडद्यावर मिळू लागले आहे. पुण्याच्या सनदी लेखापाल रचना रानडे यांनी २०१९ पासून यूट्यूबवर शेअर बाजार आणि गुंतवणूक यांचे धडे देण्यास आरंभ केला आणि लक्षावधी श्रोते मिळविले. मुंबईत प्रीती राठी गुप्ता यांनी केवळ स्त्रियांच्या अर्थव्यवहारासाठी एक व्यासपीठ उभे केले आणि त्याचे नाव उच्चारताना 'लक्ष्मी' असे ऐकू यावे, अशी योजना केली. त्यांच्या मागोमाग लहानमोठ्या शहरांतील कितीतरी तरुणी अर्थसाक्षरतेच्या शिक्षिका झाल्या आहेत. ज्ञान देणे हाच त्यांचा उद्योग आहे. विद्यादानाचा व्यवसाय करणे यात काही गैर आहे, असे आम्ही मानीत नाही. शिक्षकालाही पोट असते, हे आम्ही स्वानुभवाने जाणतो.

या वर्गांना एवढी गर्दी का लोटते, याचे कारण मात्र आपण आपल्या पूर्वीच्या वर्गांत शोधले पाहिजे. आम्ही काही वर्षे शाळेत शिकविण्याचे काम केले आहे. सरळव्याज आणि चक्रवाढव्याज यांची उदाहरणे फळ्यावर घालताना कर्ज घेणारा राम असे आणि देणारा गोविंद असे. भागीदारी दोन मित्रांत होई, नफ्यातोट्याचा हिशेब व्यापारी करी. उदाहरणांत सीता किंवा शांता क्वचित आलीच, तर ती बाजारातून भाजी आणण्यापुरती. ती उदाहरणे मुलींनी अचूक सोडविली, त्यांत पैकीच्या पैकी गुण मिळविले आणि पुढे लग्न होऊन त्या ज्या घरी गेल्या, तेथे आयुष्यभर दाखविलेल्या जागी सही करीत राहिल्या. गणित त्यांना येत होते. परंतु ते आपल्याविषयी आहे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. आमच्याही ते त्या वेळी ध्यानात आले नाही, ही कबुली येथेच दिलेली बरी. आज पडद्यावरची शिक्षिका जेव्हा "हा तुमचा पैसा आहे" या वाक्याने आरंभ करते, तेव्हा ती आमच्यासारख्यांनी गाळलेला पहिला धडा शिकवीत असते.

या नव्या शाळेत सर्वच गुरू सारखे नाहीत, हेही उघड आहे. विमा आणि बचत यांची ओळख करून देणारा एक वर्ग आहे, तर महिन्याभरात दुप्पट करून देण्याची भाषा बोलणारा दुसरा. शिक्षणाच्या मिषाने समभागांच्या शिफारशी करणाऱ्यांना आवर घालण्यासाठी 'सेबी'ने ऑगस्ट २०२४ मध्ये नियम कडक केले. नोंदणी न करता सल्ला देणाऱ्यांशी अधिकृत दलालांनी वा म्युच्युअल फंडांनी संबंध ठेवू नयेत, असे ठरले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये आणखी खुलासा झाला की, केवळ शिकविणाऱ्याने लगतच्या तीन महिन्यांतील बाजारभाव वापरून भविष्य सांगू नये. जो कालचा भाव दाखवून उद्याची कमाई सुचवितो तो शिक्षक नव्हे, हा यातील मथितार्थ साध्या गृहिणीनेही गाठीशी बांधून ठेवण्यासारखा आहे.

आता या पडद्यावरचा धडा तोरणमाळच्या पठारावर नेऊन पाहू. धड्याचे पहिले वाक्य बहुधा असे असते की, दरमहा हाती येणाऱ्या वेतनातून प्रथम बचत बाजूला काढावी आणि उरलेल्यात खर्च भागवावा. ज्या घरात महिन्याचे वेतन नावाची गोष्टच नाही, तेथे हे वाक्य कोणाला उद्देशून म्हणावयाचे? झापी किंवा सिंदीदिगर यांसारख्या दुर्गम गावांतील स्त्रीची मिळकत ऋतूंनी ठरविलेली असते. मोहफुले वेचावीत, चारोळी गोळा करावी, उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, चिरून, वाळवून आमचूर करावी आणि धडगाव किंवा मोलगीच्या व्यापाऱ्याला घालावी. दर तो सांगेल तो. पाऊस संपला आणि शेतीचे काम सरले की कित्येक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत किंवा राज्याच्या इतर भागांत उतरतात.

या ऊसतोडीच्या व्यवहारात एक शब्द आहे, त्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. तो शब्द म्हणजे 'कोयता'. मुकादमाच्या वहीत नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो आणि त्या कोयत्यावर आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, दिली जाते. ही उचल सामान्यतः पुरुषाच्या हाती पडते. ऊस तोडणारे हात चार, मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढविणारी बहुधा ती. परंतु वहीत नोंद एक आणि पैसे घेणारा एक. उचल फिटेपर्यंत राबण्याचे बंधन मात्र दोघांवर. जिचे श्रम स्वतंत्रपणे मोजलेही जात नाहीत, तिला मासिक गुंतवणुकीच्या योजना समजावून सांगणे म्हणजे विहीर खणण्यापूर्वी पोहरा विकणे होय.

याचा अर्थ तिला बचत ठाऊक नाही असा कोणी काढील, तर ती मोठी चूक ठरेल. पावरा स्त्रीच्या अंगावरील चांदीचे वजनदार दागिने आपण छायाचित्रांत पाहतो आणि लोककलेचे कौतुक करून मोकळे होतो. ते दागिने ही तिची पेढी आहे. बऱ्या साली चांदी घ्यावी, आजारपणात किंवा बियाण्याच्या वेळी ती गहाण टाकावी, पुन्हा सोडवावी. चोरीचे भय आणि गहाणावरचे व्याज सोसूनही ती या मार्गाला चिकटून राहिली आहे. कारण ती चांदी तिला दिसते, मोजता येते आणि तिच्या अंगावर असते. खात्यातील आकड्याला या तिन्ही गोष्टींची जोड मिळाल्याखेरीज तो आकडा तिला आपला वाटणार नाही.

ही जोड देता येते, याचा पुरावा सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात आहे. म्हसवड हे गाव दुष्काळी पट्ट्यातले. तेथील स्त्रियांना घेऊन चेतना सिन्हा यांनी महिलांची सहकारी बँक काढण्याचे ठरविले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. प्रवर्तकांपैकी काही स्त्रियांनी सहीच्या जागी अंगठे उठविले होते, हे त्याचे कारण. त्या स्त्रिया रडत बसल्या नाहीत. त्या लिहावयास शिकल्या, पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या आणि म्हणाल्या की, आम्हांला वाचता येत नसेल, पण व्याजाचा हिशेब घालून पाहा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. बाजारात बसणाऱ्या बाईला दिवस मोडून शाखेत येणे परवडत नाही, हे ओळखून बँक तिच्या दाराशी गेली. पुढे खात्यासाठी गुप्त क्रमांक देण्याची गोष्ट निघाली, तेव्हा ग्राहक स्त्रियांनीच हरकत घेतली. क्रमांक कोणीही चोरू शकेल. आमचा अंगठा कोणी चोरणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. ज्या अंगठ्यामुळे एकेकाळी अर्ज फेटाळला गेला, तोच पुढे सुरक्षिततेचे साधन म्हणून त्यांनी मागितला, ही घटना आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते.

परंतु येथेच सावधगिरीचा एक शब्द सांगणे आवश्यक आहे. अंगठा चोरता येत नाही हे खरे; तो ठेववून मात्र घेता येतो. आज दुर्गम गावांतून बँकेचा प्रतिनिधी लहानसे यंत्र घेऊन बसतो, आधारशी जोडलेल्या खात्यातून अंगठ्याच्या ठशावर पैसे निघतात. डोंगर उतरून शाखेत जाण्याचा त्रास वाचतो, ही मोठीच सोय होय. तथापि ठसा उमटला नाही म्हणून दुसऱ्यांदा अंगठा ठेवावयास सांगितले, तर पहिल्या वेळी रक्कम निघाली होती की नव्हती, हे ज्या स्त्रीला विचारता येत नाही, तिचा पैसा तिच्याच अंगठ्याने जाऊ शकतो. म्हणून तोरणमाळच्या स्त्रीसाठी अर्थशास्त्राचा पहिला धडा शेअर बाजाराचा नाही. प्रत्येक अंगठ्यामागे छापील पावती मागणे आणि पावतीवरील शिल्लक रकमेचा आकडा ओळखणे, हाच तो धडा.

दुसरा धडा खात्यातून कापल्या जाणाऱ्या रकमेचा. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवनविमा, या पंतप्रधानांच्या नावाने चालणाऱ्या दोन योजना गरिबांसाठी खरोखर उपयुक्त आहेत. हप्ता खात्यातून परस्पर वळता होतो. पण आपला विमा उतरलेला आहे हेच जिला वा जिच्या घरच्यांना ठाऊक नाही, तिच्या पश्चात दावा कोण करणार? हप्ता भरला गेला आणि हक्क मागितला गेला नाही, तर तो विमा नव्हे, ते दान झाले. तेही गरिबाने विमा कंपनीला केलेले.

तिसरा धडा व्याजाचा. दहा हजार रुपये कर्ज घ्यावे आणि दरमहा एक हजार याप्रमाणे बारा महिने फेडावे, असा व्यवहार सर्रास होतो. दहा हजारांवर दोन हजार व्याज, म्हणजे शेकडा २० असे देणारा सांगतो आणि घेणारी मान डोलावते. परंतु मुद्दल तर पहिल्या महिन्यापासूनच परत जाऊ लागलेले असते; वर्षभर दहा हजार तिच्या हाती राहिलेलेच नसतात. घटत्या मुद्दलावर हिशेब केला, तर हा दर वार्षिक सुमारे ३५ टक्क्यांवर जातो. आमच्या वाचकांपैकी कितीजणांनी हप्त्यावर वस्तू घेताना हा हिशेब मांडून पाहिला असेल? येथे तोरणमाळची अशिक्षित स्त्री आणि शहरातील पदवीधर गृहिणी यांच्यातील अंतर आपण समजतो त्याहून पुष्कळ कमी आहे.

हे अंतर आणखी एका ठिकाणी जवळजवळ नाहीसे होते. घरातील कर्ता पुरुष अकस्मात गेला आणि दुसऱ्या आठवड्यात कपाटातील कागदांची पिशवी काढून बसलेली सुशिक्षित पत्नी आपण सर्वांनी पाहिली आहे. कोणत्या बँकेत ठेवी आहेत, विम्याचा हप्ता शेवटचा कधी भरला, घराचे कर्ज किती उरले, यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर तिच्यापाशी नसते. तीस वर्षे तिला या चिंतेतून मुक्त ठेवले, असे तिच्या पतीला वाटत आले. वस्तुतः त्याने तिला अंधारात ठेवलेले असते. खात्यावर वारसदार म्हणून नाव लावले की काम संपले, हाही असाच एक गोड गैरसमज. नामनिर्देशित व्यक्ती ही पैसे स्वीकारणारी असते. ती आपोआप मालक होत नाही, हे शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. ज्याला आपल्या पत्नीची काळजी आहे, त्याने नामनिर्देशनाबरोबर मृत्युपत्रही करावे आणि ते कोठे ठेवले आहे, हे तिला सांगावे.

कायद्याच्या संरक्षणात तर तोरणमाळची स्त्री आपल्या घरच्या स्त्रीहून मागेच आहे. मुलीला वडिलार्जित संपत्तीत मुलाइतका वाटा देण्याची सुधारणा महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये केली, याचा आपण अभिमान बाळगतो. परंतु १९५६ चा हिंदू वारसा कायदा केंद्राने तसे जाहीर केल्यावाचून अनुसूचित जमातींना लागू होत नाही. नंदुरबार जिल्ह्यातील दोनतृतीयांशांहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे. म्हणजे तेथील बहुसंख्य मुलींचा हक्क रूढीवर अवलंबून राहिला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आदिवासी स्त्रीच्या वारसांना समान वाटा मान्य केला आणि केवळ स्त्री म्हणून वारसा नाकारणे समतेच्या तत्त्वाशी विसंगत असल्याचे सांगितले. निर्णय स्वागतार्ह आहे. पण दिल्लीतील निकाल सातपायरीचा घाट आपल्या पायांनी चढत नाही. तो कोणीतरी तिच्या बोलीत सांगावा लागतो.

आमच्या मते सगळा प्रश्न या 'कोणीतरी'पाशी येऊन थांबतो. पडद्यावरचा धडा मराठीत किंवा इंग्रजीत असतो. तिची बोली पावरी किंवा भिलोरी. शिवाय मोबाईल बहुधा घरातील पुरुषाच्या खिशात असतो. तेव्हा तिला शिकविणारी तिच्याच पाड्यावरची, चार इयत्ता शिकलेली स्त्री असली पाहिजे. ही कल्पना नवी नाही. १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि २०११ पासूनचे 'उमेद' अभियान यांनी बचतगटांच्या द्वारे गावोगाव अशा कार्यकर्त्या तयार केल्या आहेत. त्यांचे काम किती गट स्थापले आणि किती कर्ज वाटले, या आकड्यांनी मोजण्याची आपली पद्धत मात्र बदलली पाहिजे. गटातील किती स्त्रियांना आपल्या खात्यातील शिल्लक स्वतः सांगता येते, हा एकच प्रश्न दरवर्षी विचारावा. त्याचे उत्तर प्रगतिपुस्तकातील इतर सर्व गुणांहून अधिक बोलके ठरेल.

शहरातील अर्थशिक्षिकांनाही आमचे एक सांगणे आहे. आपल्या उद्योगाला यश लाभले, याचा आम्हांला आनंद आहे. ज्यांना शुल्क देता येते त्यांच्याकडून ते अवश्य घ्यावे. परंतु पावती, विमा, व्याज आणि वारसा यांचे चार लहान धडे पावरीत, भिलोरीत, अहिराणीत सिद्ध करून ते बचतगटांच्या कार्यकर्त्यांच्या हाती विनामूल्य द्यावेत. एका कार्यकर्तीच्या मोबाईलवर दहा जणी झाडाखाली बसून ऐकतील, तर पडद्याचे खरे सार्थक होईल. ज्या भाषेत स्त्री भाव करते, त्याच भाषेत तिला हिशेब शिकविला पाहिजे.

आणि आमच्या वाचकांना? उपदेश करण्याचा अधिकार संपादकाला असला, तरी माजी शिक्षकाला गृहपाठ देणे अधिक रुचते. येत्या रविवारी जेवणानंतर घरातील सर्व पासबुके, विम्याचे कागद आणि कर्जाचे करार टेबलावर मांडावेत. घरातील स्त्रीने ते मोठ्याने वाचावेत आणि एका वहीत आपल्या हाताने टिपून ठेवावेत. मुलीलाही शेजारी बसवावे. हा हिशेब ज्या घरात प्रथमच होईल, तेथे तोरणमाळच्या स्त्रीविषयी कीव वाटणे आपोआप बंद होईल. तिच्या जागी आपुलकी येईल, कारण दोघी एकाच इयत्तेत बसल्या आहेत हे दिसून येईल.

टेंभलीत २०१० साली एका स्त्रीला क्रमांक मिळाला आणि शासनाच्या वहीत तिची नोंद झाली. आता तिच्या वहीत तिच्या पैशाची नोंद व्हावयाची आहे. पहिली नोंद करावयास राज्ययंत्रणा पुरेशी होती. दुसरी तिने स्वतः करावयाची आहे आणि तिच्या हाती पेन्सिल देण्याचे काम आपणा सर्वांचे आहे.